गाडीचं कार्पेट घरीच कसं बदलायचं? पाणी शिरलेल्या गाडीसाठी ए टू झेड माहिती

दार उघडल्यावर कुबट वास येतोय? एसी लावला की डोकं जड होतं? वरची मॅट कोरडी वाटते, पण पायाने दाबलं की खाली 'पचपच' होतं? मग एअर फ्रेशनर लटकवून उपयोग नाही. पाणी मॅटखाली नाही, कार्पेटच्याही खाली बसलंय.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्याला झोडपलं. भूम आणि परंडा तालुक्यांत गावांत पाणी शिरलं आणि काही ठिकाणी लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. घर, शेत, जनावरं हे सगळं आधी सावरायचं असतं. दारातल्या गाडीकडे लक्ष जातं ते नंतर. इंजिन चालू झालं, बाहेरून पाणी मारून धुतली, दोन दिवस उन्हात उभी केली की 'झाली गाडी ओके' असं वाटतं. खरं नुकसान मात्र पायाखाली चालू असतं, आणि ते दिसत नाही.

आज आपण बघणार आहोत की कार्पेट कधी बदलावं, कुठलं घ्यावं, स्वतः कसं बसवावं आणि कुठे थांबून मेकॅनिकला बोलवावं. काम अवघड नाही, पण त्यात एअरबॅग आणि सीटबेल्ट येतात. त्यामुळे सगळं वाचून झाल्यावरच पान्याला हात लावा.

आधी समजून घ्या: कार्पेट म्हणजे नेमकं काय?

आपण पायाखाली जी रबरी मॅट टाकतो ते कार्पेट नाही. मॅट उचलली की खाली जे करड्या किंवा काळ्या रंगाचं, केसाळ, गाडीच्या फ्लोअरच्या आकारात बसलेलं कापड दिसतं, ते कार्पेट. त्याचे साधारण तीन थर असतात.

१. वरचा थर: नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांचा. हा पाणी फार धरत नाही.
२. मधला थर: प्लास्टिक किंवा रबरासारखा लेप. यामुळे कार्पेटला आकार राहतो.
३. खालचा थर: फेल्ट किंवा फोम. इंजिनचा, रस्त्याचा आवाज आणि उष्णता अडवण्यासाठी.

सगळा घोळ तिसऱ्या थरात होतो. फेल्ट स्पंजासारखं पाणी पितं, आणि वरचा लेप ते पाणी वर उडू देत नाही. म्हणून वरून हात लावला तर कोरडं लागतं आणि खाली आठवडेच्या आठवडे ओल राहते.

पुराचं पाणी तर आणखी वाईट. आपल्याकडची काळी माती अतिशय बारीक कणांची आणि पाणी धरून ठेवणारी. ती एकदा फेल्टच्या धाग्यांत शिरली की कितीही धुवा, पूर्ण निघत नाही. सोबत शेतातली खतं, गटाराचं पाणी, शेण हे सगळं येतं. त्यातले क्षार ओलाव्यासोबत पत्र्याला लागून राहतात आणि गंज भराभर वाढतो.

नुसता वास येतो, मग एवढं टेन्शन कशाला?

कारण धोका तीन ठिकाणी आहे.

पहिला, पत्रा. फ्लोअरच्या पत्र्यालाच सीटचे बोल्ट आणि बऱ्याच गाड्यांत सीटबेल्टचे पॉइंट धरलेले असतात. तो पत्रा गंजला तर अपघातात सीट आणि बेल्ट धरून ठेवणारी जागाच कमकुवत होते.

दुसरा, वायरिंग. कार्पेटखालून वायरचे जाड गुच्छ गेलेले असतात. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या आसपास फ्लोअरवरच बसवलेला असतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे अलीकडच्या जवळजवळ प्रत्येक गाडीत हा मॉड्यूल आहेच. कनेक्टरमध्ये गंज चढला की एअरबॅगचा लाइट पेटून राहतो. लाइट पेटलेला असताना एअरबॅग वेळेवर उघडेलच याचा भरवसा धरता येत नाही.

तिसरा, आपली तब्येत. ओल्या कापडावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होऊ शकते. काचा बंद करून एसी लावला की तीच हवा फिरत राहते. घरात दम्याचा पेशंट किंवा लहान मूल असेल तर हे अजिबात अंगावर काढू नका.

आणि ज्याचं पोटच गाडीवर आहे, म्हणजे तुळजापूरच्या भाविकांची ने-आण करणारा किंवा काळी-पिवळी चालवणारा, त्याच्यासाठी वास म्हणजे गिऱ्हाईक तुटणं. गाडी विकायला काढली तर भावही पडतो.

बदलायचं की वाळवायचं? असं ठरवा

- स्वच्छ पाणी (काच उघडी राहिली, बाटली सांडली) आणि एक-दोन दिवसांच्या आत लक्षात आलं: कार्पेट उचलून, खालून हवा देऊन वाळवलं तरी चालतं.
- पुराचं किंवा गटाराचं पाणी आत आलं: फेल्ट फेकूनच द्या. वरचं कापड धुऊन वापरता येईल असं वाटलं तरी फेल्ट ठेवू नका.
- बुरशीचे काळे-पांढरे डाग, किंवा वाळवूनही परत येणारा वास: पूर्ण कार्पेट बदला.
- फक्त ड्रायव्हरच्या टाचेखाली झिजलंय: पूर्ण बदलायची गरज नाही, तेवढ्या जागी हील पॅड बसवून घ्या.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी थोडी उचला, कार्पेटची कड वर करा आणि फेल्टवर टिश्यू पेपर दाबून धरा. पेपर ओला झाला किंवा त्यावर मातकट डाग आला, की निर्णय झाला.

पूर आला नव्हता, तरी पाणी आलं कुठून?

हे शोधल्याशिवाय नवीन कार्पेट घेऊ नका. महिन्याभरात तेही कुजेल. बघायच्या जागा:

- एसीचा ड्रेन पाइप: कचऱ्याने तुंबला की पाणी बाहेर पडण्याऐवजी आत, बहुतेक वेळा डाव्या बाजूच्या पायापाशी येतं. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकत नसेल तर संशय इथेच घ्या.
- वायपरखालची जाळी: गाडी लिंबाखाली उभी असते ना? तो पाला जाळीत साठतो, पाण्याची वाट बंद होते आणि पाणी केबिनमध्ये उतरतं.
- दारांची रबरं आणि दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा: स्पीकर बदलताना हा पडदा फाडला असेल तर पाऊस आत येणारच.
- सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्या.
- ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते पाणी नाही, कूलंट आहे. हीटरची गळती आहे. थेट गॅरेजला जा.

थांबा! इन्शुरन्सचं आधी

पुरात भिजलेल्या गाडीचं कार्पेट घाईने उपटू नका. तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात धरलेलं असेल, तर पुराचा क्लेम करता येतो. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही.

क्लेम करायचा असेल तर हा क्रम पाळा:

१. इंजिन चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असा बिघाड साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा नाकारला जातो. त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्शन ॲड-ऑन लागतं.
२. पाण्याची रेघ कुठपर्यंत आली ते मोबाइलवर टिपा. चारही बाजूंनी, आतून, नंबर प्लेटसह फोटो आणि एक सलग व्हिडिओ.
३. कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर घ्या.
४. सर्व्हेअरने पाहिल्यावर किंवा कंपनीने लेखी परवानगी दिल्यावरच आतलं सामान खोला.

दुरुस्तीचा एकूण खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. अशा गाडीवर स्वतःचे पैसे घालण्याआधी हा आकडा विचारून घ्या.

कार्पेट कुठलं घ्यायचं?

मोल्डेड कार्पेट: तुमच्या मॉडेलच्या फ्लोअरच्या आकारात कारखान्यातच दाबून बनवलेलं. बसवायला सगळ्यात सोपं. कंपनीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात गाडीचा चेसिस नंबर सांगून ऑर्डर करता येतं.

मीटरवर मिळणारं कार्पेट: सीट कव्हरवाल्यांकडे रोलमधून कापून मिळतं. स्वस्त पडतं, पण मधल्या उंचवट्यावर बसवताना हात लागतो. जुनं कार्पेट साचा म्हणून वापरावं लागतं.

रेग्झीनचं फ्लोअर लॅमिनेशन: ॲक्सेसरीजवाले सगळ्यात आधी हेच सुचवतात, कारण पुसायला सोपं. पण ओलं कार्पेट तसंच ठेवून वरून लॅमिनेशन मारलं तर ओल आत कायमची बंद होते. लॅमिनेशन करायचंच असेल तर खालचं सगळं काढून, पूर्ण वाळवून मगच.

घरातलं जुनं गालिचा-सतरंजी टाकू नका. गाडीच्या आतलं साहित्य किती वेगाने पेट घेतं यासाठी भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. घरगुती कापड त्या कसोटीला उतरलेलं नसतं. शिवाय त्याची घडी पेडलखाली अडकू शकते.

काय काय लागेल?

- १० चा पाना (बॅटरीसाठी)
- १४ ची गोटी आणि रॅचेट (बहुतेक गाड्यांच्या सीटला १४ चे बोल्ट असतात. काही गाड्यांना स्टार बिट लागतो, म्हणून आधी बोल्टचं डोकं बघून घ्या)
- टॉर्क पाना (गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मिळाला तरी चालेल)
- स्क्रू ड्रायव्हर आणि क्लिप काढायची प्लास्टिकची पट्टी
- धारदार कटर, खडू, हातमोजे, मास्क
- तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, प्रायमर
- नवीन फेल्ट किंवा फोम
- मोबाइल. प्रत्येक बोल्ट खोलण्याआधी एक फोटो, हा नियमच करा

स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे घ्या. ज्या क्रमाने काढाल त्या क्रमाने एकेका खणात टाका. बसवताना उलटा क्रम आपोआप हाती येतो.

आता प्रत्यक्ष काम

स्टेप १: गाडी तयार करा. सपाट, सावलीच्या जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. एक काच खाली घ्या म्हणजे चावी आत अडकायची भीती नाही. सीट इलेक्ट्रिक असेल तर आत्ताच बोल्ट दिसतील अशी सरकवून घ्या, कारण नंतर बॅटरी नसेल.

स्टेप २: बॅटरी काढा. इग्निशन बंद करा, आधी निगेटिव्ह (–) वायर काढा आणि किमान १० मिनिटं थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये बॅटरी तुटली तरी थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो, म्हणून हे थांबणं सोडू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे काम घरी करूच नका. नारिंगी रंगाच्या केबलला तर हातही लावायचा नाही.

स्टेप ३: पुढच्या सीट काढा. सीट पुढे सरकवून मागचे दोन बोल्ट, मागे सरकवून पुढचे दोन. मग सीट मागे झुकवून खालचे कनेक्टर सोडवा. पिवळा कनेक्टर दिसला की समजा तो एअरबॅग किंवा बेल्ट टेन्शनरचा. त्याचं लॉक उघडून हळूच काढा, वायर ओढू नका आणि मल्टिमीटर तर लावूच नका. सीट जड असते, दोघांनी उचला. रेलच्या कडा धारदार असतात, हात आणि दाराचा रंग सांभाळा.

स्टेप ४: मागची सीट आणि पट्ट्या. मागच्या सीटची बैठक बहुतेक क्लिपवर असते, पुढची कड जोरात वर उचलली की सुटते. त्यानंतर उंबऱ्याच्या पट्ट्या, मधल्या खांबाचं खालचं प्लास्टिक, पायाजवळचं साइड पॅनल आणि मधला कन्सोल. क्लिप अडली तर जोर लावण्याआधी एखादा लपलेला स्क्रू राहिलाय का बघा.

स्टेप ५: कार्पेट बाहेर काढा. मागून पुढे गुंडाळत या. फाडू नका, हाच तुमचा साचा आहे. पुराच्या गाडीत इथे मास्क आणि हातमोजे हवेतच.

स्टेप ६: पत्रा बघा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. माती ओल्या फडक्याने पुसून काढा. पाइप लावून पाणी मारू नका, वायरिंग तिथेच आहे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळल्यावर प्रायमर आणि रंग. स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोकून बघा. पत्रा दबला किंवा भोक पडलं तर काम इथेच थांबवा, आता वेल्डिंगवाला लागणार. सीटच्या बोल्टजवळ गंज असेल तर अजिबात तडजोड नको. फ्लोअरला गोल रबरी बूच असतात, ते जागेवर आणि घट्ट आहेत ना, हेही पाहा.

स्टेप ७: पूर्ण वाळू द्या. चारही दारं उघडी ठेवून किमान एक-दोन दिवस. ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे भरपूर असतं, त्याचा फायदा घ्या. कनेक्टरवर हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत पाणी गेलं असेल तर तो स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

स्टेप ८: नवीन कार्पेट बसवा. घडी घालून आलेलं कार्पेट तासभर उन्हात पसरा, नरम पडेल. आधी फेल्ट, मग कार्पेट. सुरुवात नेहमी मधल्या उंचवट्यापासून करा आणि मग बाजूंना सरका. मीटरचं कार्पेट असेल तर जुनं वर ठेवून खडूने आखा आणि चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. जास्तीचं नंतर कापता येतं, कमी पडलेलं वाढवता येत नाही. बोल्टच्या जागी मोठं भोक पाडू नका, फुलीच्या आकाराची छोटी चीर पुरते. बोल्टची जागा सापडत नसेल तर टोच्याने चाचपडून बघा. ड्रिल चालवायचं नाही, खाली ब्रेक, पेट्रोल किंवा सीएनजीचा पाइप असू शकतो. चिकट सोल्युशन लावायचं तर कडेला थोडंच लावा. दारं उघडी हवीत आणि आसपास विडी-सिगारेट नको, त्याची वाफ पेट घेते.

स्टेप ९: उलट्या क्रमाने जोडा. सीटचे चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवा, मगच पाना लावा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर शेवटचा बोल्ट आट्यात बसत नाही. शेवटी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतकंच आवळा. अंदाज यावा म्हणून सांगतो, ४० न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १६ किलोचा जोर.

स्टेप १०: बॅटरी सगळ्यात शेवटी. सगळे कनेक्टर बसल्याशिवाय बॅटरी जोडू नका. सीटचा कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा लाइट पेटतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो. स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी मोबाइलला जोडून इंजिनचे कोड दिसतात, एअरबॅगचे बहुतेक वेळा दिसत नाहीत.

रस्त्यावर काढण्याआधी पाच गोष्टी

१. ॲक्सिलरेटर, ब्रेक, क्लच शेवटपर्यंत दाबा आणि सोडा. कार्पेट कुठेही घासायला किंवा अडकायला नको.
२. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट हुकमध्ये अडकवा. मॅटवर मॅट टाकू नका.
३. सीट पुढे-मागे करून, धरून जोरात हलवा. जरासुद्धा खडखड नको.
४. प्रत्येक बेल्ट झटका देऊन ओढा, तो लॉक झाला पाहिजे.
५. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा लाइट काही सेकंद पेटून विझला पाहिजे. विझला नाही किंवा मुळात पेटलाच नाही, तर गाडी थेट गॅरेजला.

जुनी गाडी घेताय? हेच ज्ञान उलटं वापरा

मोठा पूर येऊन गेला की भिजलेल्या गाड्या चकाचक होऊन बाजारात येतात, आणि त्या नेहमी एमएच-२५ च्याच असतील असं नाही. एम-परिवहन ॲपवर गाडीची नोंदणी, इन्शुरन्सची मुदत वगैरे दिसतं, पण गाडी पुरात होती का हे तिथे कळत नाही. म्हणून स्वतः बघा: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीचा डाग आहे का, सीटच्या रेलवर गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का. जुन्या गाडीत कार्पेट मात्र कोरं करकरीत असेल तर ते का बदललं, हे सरळ विचारा. आणि मालकाला विचारूनच उंबऱ्याची पट्टी उचला. तो नको म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

तुम्ही स्वतः कार्पेट बदललं असेल, तर कामाचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. विशेषतः साफ केलेल्या, रंगवलेल्या पत्र्याचे. उद्या गाडी विकताना समोरच्याने हाच प्रश्न विचारला, तर नुसतं 'सगळं ओके आहे' म्हणण्याऐवजी मोबाइल पुढे करता येईल.